चिंचेत घासलेले सेंट

स्वोर्ड्सला लेकीच्या घरी नात एक सेंटची नाणी रंगांप्रमाणे लावत बसली होती. काही लालसर नवी, काही चहाच्या रंगाची, काही कडेला हिरवट. "आजी, लुक, हे पांढरं! रेअर असणार!" असली रेअर नाणी मी कॉर्क शहरात राहताना वाटीभर केली होती.

तेव्हा आम्ही या देशात नवे होतो. लक्ष्मीपूजनाला काळी नाणी कशी मांडायची, म्हणून मी शहाणीने ती देवाच्या भांड्यांसारखी चिंच-मिठात भिजत टाकली, विसरले, आणि मग तारेच्या घासणीने खसाखसा घासली. वरचं तांबं गेलं, खालचं पोलाद उघडं पडलं. घाबरून डॉक्टर नवऱ्याला हॉस्पिटलात फोन केला. "सरकारी नाणं खरवडलंस? गेला आपला व्हिसा!" थट्टा आहे हे कळायच्या आत फोन बंद.

तेवढ्यात बेल वाजली. दारात गार्डा, म्हणजे इथला पोलीस. माझ्या हातांना चिंचेचा आंबट वास. मनातल्या मनात मी बॅगा भरल्या, लेकीचं शाळेतून नावही काढलं. तो काही विचारायच्या आत वाटी पुढे करून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "नवऱ्याला राहू द्या, मला न्या."

बिचारा शेजारच्या चोरीला गेलेल्या सायकलची चौकशी करायला आला होता. त्याने एक नाणं उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

"हे तुम्ही घरीच केलंत?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

"ग्रँड," असं म्हणत त्याने खिशातून स्वतःचं एक काळं नाणं काढलं. "माझंही करून द्याल?"