ओटा फारच चकचकीत होता

मी आयुष्यात एकदाच नापास होता होता वाचले, आणि तेही अति स्वच्छतेपायी.

बाळांनो, इथे आखातात घरी फराळ करून विकायचा तर परवाना लागतो. आमची घरमालकीण उम्म नासर (वय माझ्याएवढंच, आवाज माझ्या दुप्पट) यात भागीदार झाली. घर तिचं, परवाना तिच्या नावावर, चकल्या माझ्या! शहरातल्या मिरकाब भागात दाटीवाटीने राहणाऱ्या आपल्या कोकणातल्या सुतार-प्लंबर मुलांना मी शब्द देऊन बसले होते, "यंदा दिवाळीला घरचा फराळ मिळेल." आणि तपासणी आली अगदी दिवाळीच्या तोंडावर. परवाना नाही, तर फराळ नाही.

आता पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे काय करतात? आवरतात! म्हणजे जे जे वापरातलं आहे, ते ते दृष्टीआड करतात. मीही तेच केलं, फक्त जरा जास्त पद्धतशीरपणे.

"अगं, मिसळणाचा डबा तरी राहू दे," तुमचे आजोबा म्हणाले.

"त्याच्यावर हळदीचे डाग आहेत."

"मग काय निळीचे असणार?"

मी लक्ष दिलं नाही. डबा वर उम्म नासरच्या घरी गेला. पाठोपाठ भाजणीचं पिंप, तेल, बुडाशी काळी पडलेली कढई, सोऱ्या, मीठ, आणि आदल्या दिवशी नमुन्यादाखल केलेल्या चकल्या. शेवटी आजोबांनाही वर पाठवलं. (त्यांच्या बनियनवर चहाचा डाग होता.)

तपासणीला आलेली मुलगी तरुण, कडक इस्त्रीची आणि शुद्ध इंग्रजी बोलणारी होती. मला वाटलं, झालंच काम! तिने कपाट उघडलं. रिकामं. दुसरं उघडलं. पांढरे नॅपकिन, घडीवर घडी. शेगडीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मी गौरवाची वाट बघत उभी.

"मॅडम, तुम्ही स्वयंपाक कुठे करता?"

"इथेच!"

"इथे कुणी कधी पाणी तरी उकळलंय का?"

मी हसले. ती हसली नाही.

"काही लोक माल दुसरीकडे बनवतात आणि आम्हाला दाखवायला असं स्वयंपाकघर ठेवतात," ती म्हणाली. "मला हे मंजूर करता येणार नाही."

शेजारी उभी असलेली उम्म नासर उसळली. आधी अरबीत, मग माझ्यासाठी हिंदीत. "अरे, रोज यहीं बनाती है! खुशबू ऊपर आती है, मेरा डाएट खराब!"

"खाला, वासावर परवाना देता येत नाही," ती मुलगी नम्रपणे म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "समोर करून दाखवा. मग बघू."

"आत्ता दाखवते!" म्हणत मी पदर खोचला आणि ओट्याकडे वळले. पीठ नाही. तेल नाही. कढई नाही. चिमूटभर मीठसुद्धा नाही!

"काय झालं?" तिने विचारलं.

एवढं इंग्रजी शिकलेली मी, पण "तुम्ही येणार म्हणून सगळं लपवून ठेवलंय" हे एक वाक्य काही मला इंग्रजीत जुळवता येईना.

उम्म नासरने जिन्यात जाऊन जी हाक मारली, ती पार समुद्रकाठी शर्कच्या मासळीबाजारात ऐकू गेली असणार. पण वर वेगळाच घोटाळा झाला होता. तिच्या लोकांनी आमचं सामान नेऊन ठेवलं होतं दिवाणियात, जिथे तिचे यजमान अबू नासर सकाळी मित्रांबरोबर चहा पीत बसतात. "डब्यात काय आहे?" असं त्यांनी विचारल्यावर आपले आजोबा थोडेच गप्प राहणार? डबा उघडून, पाहुणचार सुरू!

आणि मग जिन्यावरून वरात उतरली. पुढे डागाळलेल्या बनियनमध्ये आजोबा, हातात कढई. मागे पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात अबू नासर, भाजणीचं पिंप छातीशी धरून. त्यांच्यामागे त्यांचे म्हातारे मित्र, एक तेल घेऊन, एक मिसळणाचा डबा घेऊन, एक सोऱ्या बंदुकीसारखा रोखून. शेवटचे चकल्यांचा रिकामा डबा हलवत विचारत होते, "और है?"

मी पीठ भिजवलं. पीठ उडत होतं, तेल शिंतडत होतं. पहिली चकली तेलात पडली आणि विरघळून गेली.

"मोहन जास्त झालं," आजोबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" मी मराठीत ओरडले. (ते सगळ्यांना कळलं. अबू नासर एक पाऊल मागे सरकले.)

मी मूठभर भाजणी वाढवली, पुन्हा मळलं, देवाचं नाव घेतलं आणि सोऱ्या फिरवला. दुसरी चकली टिकली! काटेरी, खमंग, सोनेरी! दारात दाटलेल्या म्हाताऱ्यांनी, फुटबॉलमध्ये गोल झाल्यावर करतात तसा आरडाओरडा केला.

त्या मुलीने पिठाने माखलेला ओटा बघितला, तेलाचे थेंब बघितले, माझ्या खांद्यावरचं कळकट फडकं बघितलं. "हं, आता हे स्वयंपाकघर वाटतंय," ती म्हणाली. "मंजूर! फक्त काम चालू असताना इतकी माणसं आत नकोत."

परवाना दिवाळीआधी आला. मिरकाबला फराळ पोचला. गुहागरच्या एका सुताराने तिथेच जिन्यात बसून चकली खाल्ली आणि घरी फोन लावला. "आये, अगदी तुझ्यासारखी नाय गो, पण जवळ जवळ आलीय!" कुठल्याही आजीला याहून मोठी पदवी मिळायची नाही.

हे सगळं फोनवर ऐकून तुम्ही दोघं विचारत होतात, "बट आजी, व्हाय डिड यू हाइड द फूड?" तुम्हाला पाहुणे यायच्या आधीचं आवरणं काय कळणार!

अजून तपासणी असली की आजोबा सकाळीच बजावतात, "अगं, ओट्यावर थोडं पीठ सांडून ठेव." मी मुकाट्याने सांडते. सरळ रेषेत, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर.