सीपरीच्या पुलावरचा धक्का

भूतप्रेत मानणाऱ्यांशी मी कधी वाद घातला नाही. त्यांचे ऐकूनच घेतले नाही. रेल्वेत रूळमार्ग निरीक्षक होतो. आता वय अठ्ठ्याहत्तर. पुढील हकीकत माझ्या डोळ्यांसमोर घडली, एवढ्याच कारणाने लिहीत आहे.

झाशीत आम्ही सीपरी बाजारात राहतो. नात केतकी एलाइट चौराह्याजवळच्या एका कार्यालयात काम करते. जाण्यायेण्यासाठी तिने इलेक्ट्रिक स्केटबोर्ड घेतला. चाकांची फळी, खाली मोटर, हातात रिमोट. वाटेत रेल्वेवरचा ओव्हरब्रिज लागतो.

गेल्या कार्तिकात एके दिवशी ती उजेड असतानाच घरी आली.

“आजोबा, बॅटरी पुलाआधीच संपली होती. तरी बोर्ड चढ चढला. सच्ची! पाठीवर दोन हात होते.”

“मागे कोण होते?”

“कोणीच नाही. आणि ऐका ना... कोणी तरी म्हणालं, ‘बैठे रओ साब.’ मी तर उभी! आणि साब कोण? निदान मॅडम तरी म्हणायचं!”

ती हसत होती. मी त्या रात्री जेवलो नाही.

रुळांची तपासणी आम्ही ट्रॉलीवरून करीत असू. साहेब बसतो, ट्रॉलीमन रुळावरून अनवाणी धावत मागून ढकलतो. माझा ट्रॉलीमन रामचरण, झाशीजवळच्या बबीना गावचा. चाळीस वर्षांपूर्वी बेतवा नदीच्या पुलावर मागून मालगाडी आली. पुलावर ट्रॉली उतरवायला जागा नव्हती. मी उठू लागलो, तेव्हा तो ओरडला, “बैठे रओ साब!” त्याने एकट्याने ट्रॉली पळवली. पूल संपला तिथे मी उडी मारली. तो मागे होता, गाडीखाली गेला.

लाल झेंडी देऊन एक माणूस मागे ठेवणे माझे काम होते. घाईत ठेवला नाही. अहवालात मात्र लिहिले — झेंडी घेऊन मागे थांबण्याचा हुकूम रामचरणने पाळला नाही. हे मी घरी कोणालाही सांगितले नव्हते.

चार दिवसांनी केतकी कोपर सोलून आली. पुलाच्या उतारावर ब्रेक लागला नाही. टेम्पो हातभर अंतरावरून गेला. दुकानदाराने बोर्ड तपासला. “बाबूजी, मोटर ठीक, ब्रेक ठीक.” मी तिला मनाई केली.

“आजोबा, प्लीज! ऑटोवाल्यांची मिन्नतें कोण करणार रोज?”

दुसऱ्या दिवशी ती बोर्ड घेऊनच गेली. संध्याकाळी साडेपाचला मी पुलाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिलो. ती चढावरून आली. वेग फार होता. चेहरा पांढरा.

“आजोबा, हटा! थांबत नाहीये!”

ती माझ्यासमोरून गेली. वाऱ्याने कुर्ता फडफडत होता... पण पाठीवर दोन ठिकाणी कापड दाबलेले होते. तळव्यांएवढे. पुढे उतार, खाली वाहने.

मी ओरडलो, “रामचरण! हुकूम मी दिलाच नव्हता! अहवाल खोटा होता!”

बोर्ड जागच्या जागी थांबला. केतकी गुडघ्यांवर पडली. लोक गोळा झाले. “बाबूजी, किससे बोल रहे हो?” कोणी तरी विचारले.

तिला घरी नेऊन सर्व सांगितले. मग बबीन्याला जाऊन रामचरणच्या मुलाला सांगितले. त्याने पाणी पुढे केले. रेल्वेला लेखी कळवले.

केतकीने आमच्या रामचरणचे नाव कधी ऐकले नव्हते, त्याचे शब्द तर नाहीच. याचा उलगडा मला झालेला नाही. होईल असे वाटत नाही.

आता बॅटरी संपली की बोर्ड चढावर थांबतो. केतकी तो काखेत मारून पायी वर येते. मी रोज विचारतो, कोणी ढकलले का?

“नाही, आजोबा.”

त्याने मला क्षमा केली, की नुसते सोडून दिले — हे विचारायला आता तो येत नाही.