सर्व्हर टिकला, आईची सीट गेली

मंडळी, आज सकाळी दहाला गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या बसचं ऑनलाइन बुकिंग उघडलं. ती साइट मी सांभाळतो, अंधेरीच्या ऑफिसातून.

गेल्या वर्षी गर्दीने पाच मिनिटांत सर्व्हर झोपला होता, पार वाट लागली होती. म्हणून यंदा मी रांग लावली. थोडे लोक आत, बाकीच्यांना थांबायचं पान. त्यावर सूचना टाकली: पान रिफ्रेश केलंत तर नंबर मागे जाईल.

सर्व्हर एकदाही अडखळला नाही. साहेब म्हणाले, "झकास!"

अकराला जोगेश्वरीहून आईचा फोन. "अरे, तू कामात असशील म्हणून दहापासून मीच बसल्येय बुकिंगला. चाक नुसतं फिरतंय. सारखी रिफ्रेश करतेय, तरी काही नाही."

"आई, खाली लिहिलंय ना, करू नका म्हणून?"

"ते इंग्रजीत आहे रे! कुठल्या शहाण्याने लिहिलंय?"

मी स्क्रीनवर बुकिंग पाहिलं. तोवर सगळ्या बस भरल्या होत्या.

सूचना मराठीत करायला एक मिनिट लागलं.

कणकवलीची एक सीट कोणी सोडतंय का? आणि तो शहाणा कोण, हे आईला कसं सांगू?