पातेलंभर चहा

"येतंय की कुणीतरी," असं म्हणून मावशी चहाच्या पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी ओतायची.

घरात माणसं तीनच, ती, तिचा मुलगा दाविद आणि सून. चहा मात्र पंगत बसणार असल्यासारखा. ताटात धुतलेल्या कपबशा पालथ्या घातलेल्या आणि दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी. पाणी वाढलं तरी साखर आणि पावडर काही वाढायची नाही, त्यामुळे त्या चहात रंग सोडला तर चहाचं असं फारसं काही नसायचं. दाविद म्हणायचा, "आये, तुझ्या चहात मासा सोडला तर जगंल." यावर सगळ्यात जास्त तीच हसायची.

मी तेव्हा केडगावच्या शाळेत शिक्षिका होते. मावशीच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये एकच भिंत होती. मावशी चार घरी पोळ्या लाटायची आणि रविवारी न चुकता चर्चला जायची. तिथं ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायची आणि सगळ्यांच्या आधी गाणं संपवायची. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी एकदा तिला हळू गायला सांगितलं, तर ती म्हणाली की देवाला ऐकू जायला हवं ना, तो काय केडगावात राहतो का?

तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेल, जिच्या सदा आनंदी असण्याचा आपल्याला थोडा रागच येतो. मला यायचा. वाटायचं, हिला काही कळत नसावं. बाहेर काय चाललंय ते दिसत असतं तर ही बाई एवढं पाणी कशाला ओतेल?

दाविद सोलापूर रोडवर ट्रक चालवायचा. एका उन्हाळ्यात तो खंगून घरी आला तो परत गाडीवर गेलाच नाही. पुण्याच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि आजार कळला. त्या काळात त्याचं नाव कुणी घेत नसे, 'तसला आजार' एवढंच म्हणत. बातमी पसरल्यावर सुनेचे आईवडील आले आणि लेकीला शिरूरकडं आपल्या वस्तीवर घेऊन गेले. मावशीची पोळ्यांची घरं एकामागून एक सुटली. मग माणसं यायची थांबली. शेजारणी अंगणातूनच चौकशी करायच्या, आणि चहाचं नाव निघालं की प्रत्येकीच्या घरी काहीतरी उतू जात असायचं.

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की परदेशात औषध निघालंय, पण ते तुमच्या आमच्या आवाक्यातलं नाही. मावशीनं त्यातलं अर्धंच ऐकलं. "औषध निघालंय म्हनं, बाई. येतंय की," असं मला म्हणाली आणि पातेलं चुलीवर ठेवलं. औषध आलंही, काही वर्षांनी, सरकारी दवाखान्यात फुकट. तोवर त्या घरात ते घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्या वर्षी नाताळ जवळ आला तशी तिनं बांबूच्या कामट्या आणून तारा बांधायला घेतला. दाविद खाटेवरून सूचना करायचा, ती मुद्दाम उलटं करायची आणि दोघं भांडायची. लाल कागदाचा तो तारा एका बाजूला चांगलाच कलला होता. दारावर टांगून झाल्यावर तिनं करंज्या केल्या आणि दाविदची खाट उंबऱ्याजवळ ओढली. नाताळच्या आधी गाणी म्हणत घरोघरी फिरणारी मंडळी आळीत येणार होती. दाविद पूर्वी त्यांच्यात ढोलकी वाजवायचा. त्याला आता उठून बसवत नव्हतं, पण गाणी ऐकायची होती. त्याचं तेवढंच मागणं उरलं होतं.

मंडळी आली ती दिवेलागणीला. पलीकडच्या घरी त्यांनी दोन गाणी म्हटली, चिवडा खाल्ला. पुढं मावशीचं घर. तिथं पोचल्यावर त्यांनी झांजा मिटल्या, ढोलकीवाल्यानं ढोलकीवर हात ठेवला, आणि सगळे पाय न वाजवता पुढं निघाले. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. मावशी बाहेर आली. ती ओरडली नाही. मंडळींच्या पुढं आप्पा होते, रेल्वेतून रिटायर झालेले, चर्चमध्ये ज्यांच्या शब्दाला मान होता असे. त्यांच्यासमोर जाऊन ती उभी राहिली.

"आप्पा, माझं घर चुकलं व्हय?"

आप्पा म्हणाले, "न्हाई गं. म्हटलं, पोरगं आजारी हाय, आवाजाचा तरास नको."

"पोरगं मरायला लागलंय, आप्पा. गान्यानं त्याला आनखी काय व्हनार हाय?"

मग मंडळी परत फिरली, अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि एक गाणं म्हटलं, तेही घाईघाईनं. मावशी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायली. दाविद खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरत होता आणि ढोलकीवाला चुकला की हसत होता. मग मावशीनं ताटात चहाचे कप भरून बाहेर आणले. एकजण म्हणाला आत्ताच झालाय, दुसऱ्याला पित्त होतं. आप्पांनी नुसती मान हलवली. मंडळी गेल्यावर तिनं एकेक भरला कप पातेल्यात ओतला. मी जाऊन दोन कप प्याले. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात, मला फार राग आला होता. मावशी म्हणाली, "गायली तरी की."

दाविद फेब्रुवारीत गेला. सून मातीलाही आली नाही. आळीतल्या बायकांना वाटलं, आता मावशी तिला शिव्याशाप देईल. तिनं मात्र एक शिवी दिली नाही. उन्हाळ्यात शिरूरकडून कुणीतरी निरोप आणला की सुनेलाही तोच आजार आहे आणि माहेरच्यांनी तिला गोठ्यात ठेवलंय. दुसऱ्या दिवशी मावशीनं घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडं दिली, आणि एका पिशवीत लुगडी, दुसरीत पातेलं आणि कपबशा घेऊन निघाली. मी म्हटलं, "मावशी, ज्या पोरीनं तुमच्या लेकाकडं वळून पाहिलं नाही..."

"तिच्याकडं कोन येनार हाय, बाई?" एवढंच म्हणाली आणि चौफुल्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसली.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. गोठ्याची एक बाजू तिनं सारवून घेतली होती. सून पडून होती, फक्त डोळे मोठे राहिलेले. वर आढ्याला तारा टांगला होता, जुन्या साडीच्या चिंध्यांचा, तोही कललेला. मी म्हटलं, नाताळला तर अजून अवकाश आहे. मावशी सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की यंदा लवकर सुरुवात करायची ठरवलीय. मग पातेल्यात तांब्याभर पाणी जास्त ओतलं. "बघ, म्हटलं न्हवतं का, येतंय कुणीतरी," असं सुनेला म्हणाली, आणि ती पोरगी माझ्याकडं बघून हसली.

मला रस्त्यापर्यंत सोडायला मावशी आली. ती अगदी हलक्या आवाजात बोलली. असा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कुणी येत न्हाई, बाई. मला काय म्हाईत न्हाई व्हय? दाविदच्या टायमालाबी म्हाईत हुतं. पन त्या पोरीम्होरं म्हनायला काय जातंय?"

इतकी वर्षं मी समजत होते की हिला काही दिसत नाही. तिला सगळं दिसत होतं, आणि तरी रोज सकाळी ती कवाडं उघडत होती. त्या दिवशी एसटीत मी खूप रडले.

डिसेंबर लागता लागता मावशीच गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. सुनेचं नाव कुणी काढलं नाही.

नाताळची मंडळी आळीत आली तेव्हा मावशीच्या कुलूप लावलेल्या दारापुढं थांबली. कुणी सांगितलं नव्हतं तरी झांजा वाजल्या, ढोलकी वाजली, आणि त्यांनी गाणं पुरं म्हटलं. वरच्या पट्टीत गायला आता कोणी नव्हतं. दारावर गेल्या वर्षीच्या ताऱ्याच्या नुसत्या कामट्या लोंबत होत्या. गाणं संपल्यावर आप्पा माझ्याजवळ आले.

"तिचा चहा ऱ्हायला आमचा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आप्पा, सून आहे अजून. शिरूरला."

आप्पा मंडळींबरोबर पुढं गेले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या दारात आले, कापडी पिशवीत ढोलकी घेऊन, आणि म्हणाले, "चला."

आम्ही पोचलो तेव्हा सुनेची आई गोठा झाडत होती. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. तारा अजून आढ्याला होता. खाली चुलीपाशी मावशीचं पातेलं होतं आणि ताटात कपबशा पालथ्या घातलेल्या.

"चार दिस झालं तिला जाऊन," ती म्हणाली. "तुमची मावशी गेल्यावं पोरगी रोज मला चहा जादा टाकाया लावायची. म्हनायची, येतंय कुणीतरी. मी म्हनायची, कोन येतंय गं तुझ्याकडं." मग ती आमच्याकडं बघत राहिली.

परतीच्या गाडीला वेळ होता. शिरूरच्या स्टँडवर आप्पा ढोलकीची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी विचारलं, आप्पा, चहा सांगू का? त्यांनी नुसती मान हलवली, गेल्या वर्षी मावशीच्या अंगणात हलवली होती तशीच, आणि पिशवी घट्ट धरून बसून राहिले.