डाव्या पायाचं माप

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हे, शिवणकामातले. पँट शिवावी तर ह्यांनीच आणि तिचं कौतुक करावं तेही ह्यांनीच. दुसऱ्याच्या शिवणीला नावं ठेवल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यामुळे त्या दिवशी इस्त्री करताना ह्यांच्याच पँटचे दोन पाय एकावर एक ठेवले आणि डावा चांगला बोटभर अरुंद निघाला, तेव्हा मला हसू आवरेना.

"अहो मास्तर, हे काय? नजर गेली की कात्री बिघडली?"

ते हसले नाहीत. पँट माझ्या हातातून ओढून घेतली. "राहू दे. तशीच हवी मला."

मी कपाटातली दुसरी काढली. तीही तशीच. तिसरीही. जुन्या पँटींचीसुद्धा डावी शिवण उसवून आत घेतलेली, आणि इतक्या सफाईने की धुणारी, वाळत घालणारी मी, मला पत्ता नाही. मग मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारला. डावी पोटरी पार वाळून गेली होती. पावलाला हात लावला तर गार.

"कधीपासून?"

"चालताना दुखतं. थांबलं की जातं. त्यात सांगायचं काय?"

काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या थोरल्या दिरांचा पाय असाच गार पडत गेला. मग अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडली आणि शेवटी गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागला. हे तेव्हा भावाच्या उशाशी बसून होते. म्हणून स्वतःची पोटरी सुकायला लागली तेव्हा ह्या शहाण्याने डॉक्टर गाठला नाही, सुईदोरा घेतला. लोकांना दिसू नये, मला दिसू नये, आणि आरशात स्वतःलाही दिसू नये.

मला एकेक आठवायला लागलं. बाजारात जाताना हे मध्येच थांबायचे, सिगारेट पेटवायचे आणि म्हणायचे, तू हो पुढे. मी चिडायची, "आता काय मुहूर्त बघताय?" पाय भरून येतात म्हणाले, तर मशीनला मोटर बसवा म्हणून मीच भुणभुण लावली. पायाने मशीन मारणं सुटलं. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला मी जायला लागले, बाजारही मीच करायला लागले. बिचाऱ्यांना आराम, म्हणून मी खूश होते. कपाळ माझं!

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी दंडावर दाब मोजला, मग घोट्याला पट्टा बांधून तिथलाही मोजला. डाव्या घोट्यावर दंडाच्या जेमतेम निम्मा भरला.

"पायाला रक्त नेणारी नळी आतून अरुंद झाली आहे," त्या म्हणाल्या. "बसलेल्या पायाला थोड्या रक्तात भागतं. चालायला लागलात की पोटरीला जास्त हवं असतं, ते पोचत नाही, म्हणून ती दुखते."

"मग बसू दे ना त्यांना!" मी म्हटलं.

"बसल्यानेच तर वाढलं. दुखतं म्हणून चालणं सोडलं, चालणं सोडलं म्हणून स्नायू वाळला. आणि वाळलेल्या स्नायूला मिळतं तेवढं रक्तही धड वापरता येत नाही. त्यामुळे आता आणखी लवकर दुखतं." त्या ह्यांच्याकडे वळल्या. "सिगारेट आजपासून बंद. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि रोज चालायचं. चांगलं दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. पावलाला जखम झाली किंवा बसल्या जागी दुखायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी इथे यायचं."

"पाय राहील ना हो?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"नीट चालले तर बहुतेक राहील."

त्या 'बहुतेक'ने माझी झोप उडवली. रोज सकाळी मी त्यांची बोटं एकेक उघडून बघायची, कुठे चीर नाही ना, रंग बदलला नाही ना. संध्याकाळी दोघं चालायला निघायचो. मी रस्त्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या पायाकडे बघत होते. जरा कपाळाला आठी पडली की माझा जीव वरखाली. "बसा हो जरा. कट्टा आहे इथे, बसा." तेही बसायचे. बरेच दिवस झाले तरी आमची मजल त्या कट्ट्यापुढे जाईना.

एकदा असेच बसले होते आणि एकदम म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नकोस."

"का?"

"माझी पोटरी दुखायच्या आधी तुझं तोंड उतरतं. ते बघितलं की दादाचा पाय डोळ्यांसमोर येतो आणि मी थांबतो. खरं सांगतो, अजून दुखायलाही लागलेलं नसतं."

मला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. इतकी काळजी करायची आणि त्याचं हे फळ! रडूही आलं आणि रागही. "जा एकटे. कुठे पडलात तर मला हाका मारू नका."

दुसऱ्या दिवशी ते खरंच एकटे गेले. मी धुतलेल्या कपबशा पुन्हा धुतल्या. खिडकीत गेले, परत आले, पुन्हा गेले. यायची वेळ टळली. बाहेर दिवे लागले. कुठे कोसळले असतील? ठेच लागून बोट फुटलं असेल? चपला पायात सरकवल्या, दारापर्यंत आले, आणि खाली जिन्यात पावलं ऐकू आली.

त्यांचीच. चार पायऱ्या चढली आणि थांबली. मी कडीवर हात ठेवला. आता खाली पळावं, खांद्याचा आधार द्यावा, खुर्ची नेऊन द्यावी! बाई गं, त्या कडीवरून हात काढायला मला किती जोर लागला! मी चपला काढल्या, तोंडात पदर कोंबला आणि तशीच दाराआड उभी राहिले. पावलं पुन्हा निघाली. पुन्हा थांबली. पुन्हा निघाली.

दारावर थाप पडली. मी मुद्दाम जरा वेळ जाऊ दिला, डोळे पुसले आणि दार उघडलं. घामाने नुसते निथळत होते.

"कट्टा मागे टाकून थेट पुलापर्यंत जाऊन आलो," ते धापा टाकत म्हणाले. मग भडकले, "झोपली होतीस की काय गं? माणूस इथे जिने चढून मरतोय!"

"हो," मी म्हटलं, "जरा डोळा लागला होता."