हवालदार शैला

माझी बायको सेहेचाळिसाव्या वर्षी पोलीस झाली.

टीव्हीवरची.

आज शैलाला जाऊन एक वर्ष झालं. मी इथे फारसं लिहीत नाही. इतरांच्या पोस्ट वाचतो, लाइक करतो, पुढे जातो. पण एक दिवस असा आहे, जो मी कुणालाच नीट सांगितलेला नाही. आमच्या मुलालाही नाही.

गोष्ट २००५ सालची. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायचो. शैला हाटकेशला एका गाळ्यात स्टीलच्या डब्यांच्या पॅकिंगवर सुपरवायझर होती. खूप वर्षं. मालकाने गाळा बंद केला आणि ती घरी बसली.

घरी बसली म्हणजे अक्षरशः बसली. दुपारी मी ऑफिसातून फोन केला की पहिल्याच रिंगला उचलायची.

मग शेजारच्या कोकिलाबेनने सांगितलं, मीरा रोडला एका पोलीस सिरीयलचं शूटिंग चालतं, उभं राहायला बायका लागतात. दुसऱ्याच दिवशी शैला जाऊन नाव देऊन आली. उंच होती, खांदे सरळ. तिला खाकी दिली, काठी दिली आणि इन्स्पेक्टरच्या मागे उभं केलं.

मला आवडलं नाही. मी ओरडलो नाही, तो माझा स्वभाव नाही. एवढंच म्हणालो, "एक महिना बघ. लोकांत हसं व्हायला नको."

ती म्हणाली, "बरं."

महिना संपायला तीन दिवस असताना तिला पहिला डायलॉग मिळाला. एकच वाक्य.

"साहब, लाश की शिनाख्त हो गई."

'शिनाख्त' म्हणजे ओळख; रत्नागिरीच्या बाईच्या तोंडात तो शब्द कसा बसणार? पोळ्या लाटताना तिचं चाललं होतं, शिनाक्त, शिखनात, शिनाखत.

"अहो, हसू नका," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

त्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. सोबत म्हणून, असं तिला सांगितलं. खरं म्हणजे मला वाटत होतं की आज तिला जमणार नाही, आणि संध्याकाळी हा विषय कायमचा संपेल.

हे लिहिताना लाज वाटतेय. पण तसंच होतं.

सेटवर मला एका कोपऱ्यात खुर्ची दिली. समोर चाळीतल्या खोलीचा देखावा. जमिनीवर चादरीखाली मेलेला मुलगा, बाजूला त्याची आई. शैला दारातून आत आली, इन्स्पेक्टरला कडक सॅल्यूट ठोकला आणि मोठ्याने म्हणाली,

"साहब, लाश की पहचान पट गई!"

 सगळा सेट हसत सुटला. लाइटवाले हसले, मेकअपवाला हसला. चादरीखालचा मेलेला मुलगा पोट धरून उठून बसला.

मराठीत ओळख पटते. हिंदीत फक्त पोरगी पटते.

मी मान खाली घातली.

डायरेक्टर आमच्या मुलाहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, यही रखेंगे! ऐसे ही बोलना. पब्लिक मजा लेगी. हर एपिसोड में एक लाइन आपकी."

म्हणजे तिचं काम झालं होतं. रोल पक्का.

शैला म्हणाली, "नहीं बोलूँगी."

"क्यूँ?"

तिने आईचं काम करणाऱ्या बाईकडे हात केला. "उसका लडका गया है. वो इधर बैठी है. मैं उसके सामने कॉमेडी कैसे करेगी?"

हसणं थांबलं.

माणसं पुरवणारा को-ऑर्डिनेटर मराठी होता. तो तिच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, बोलून टाका ना गपचूप. उद्या तुमच्या जागी दुसरी बाई उभी करतील."

"करू देत."

आवाज शांत होता.  

ऑफिसात साहेबाने न पटणारं काही लिहायला सांगितलं, तर मी निमूट लिहून देत असे. आणि ही बाई, एका महिन्याची कच्ची, इतक्या लोकांसमोर नाही म्हणत होती. तिला घरी बसणं काय असतं ते माहीत होतं, तरी.

 डायरेक्टर म्हणाला, "तो आप क्या बोलेंगी?"

"हमारा हवालदार जो बोलता है, वो."

"बोलिए."

ती पुन्हा दारातून आत आली. या वेळी सॅल्यूट नाही. आधी त्या आईजवळ खाली बसली. तिच्या पाठीवर हात ठेवला. थोडा वेळ तशीच राहिली. मग उठली आणि इन्स्पेक्टरला हळू आवाजात म्हणाली,

"साहेब, ओळख पटली."

आईचं काम करणारी बाई रडू लागली. ते अभिनयाचं रडणं नव्हतं.

'कट' म्हणायला त्या डायरेक्टर पोराला वेळ लागला.

परतताना रिक्षात मला काहीतरी बोलायचं होतं.  विचारलं एवढंच, "उद्या किती वाजता?"

"सातचा कॉल आहे. का?"

"डबा लवकर लागेल ना. पोळ्या मी करतो."

"नको," ती म्हणाली. "तुमच्या पोळ्या खाऊन खरीच लाश पडेल."

महिना संपला. तो विषय मी पुन्हा काढला नाही. तिनेही नाही.

पुढची चार वर्षं ती त्या सिरीयलमध्ये हवालदार शैला होती. बाजारात उत्तनची मासेवाली म्हणायची, "बाय, तू पोलीस हाय, तुला शिळा मासा न्हाय देनार." शैला तरी प्रत्येक मासा दाबून बघायची.

शैला, 'एक महिना बघ' म्हणणारा मी कोण होतो? हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं. तुला सांगायला वीस वर्षं होती, तरी राहून गेलं.

वयाने मी मोठा आहे. तरी आज तुला वाकून नमस्कार करतो.