गाळलेली ओळ

चुन्यानं कायमचं पांढुरकं पडलेलं बाबांचं बोट शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, बारीक अक्षरांवरून हळूहळू सरकत असे, आणि पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस किती मन लावून वाचतो आहे... बाबांना वाचता येत नव्हतं. हे फक्त आईला ठाऊक होतं आणि मला. राजूरच्या चुनाभट्टीवर आठवडाभर दगड फोडणारा हा माणूस रविवारी धुवट सदरा घालून, शास्त्र काखेत धरून चर्चला निघाला की गल्लीतली माणसं त्यांना आपणहून नमस्कार करत. तो मान त्यांना जिवापाड प्रिय होता.

मी दहा वर्षांची असताना नव्यानं आलेल्या पाळकसाहेबांनी कापणीच्या सणाचं शास्त्रवाचन बाबांना दिलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन मला म्हणाले, "तू वाचत जाय, मी पाठ करतो. पन कोनाले सांगू नोको."

मग महिनाभर रोज संध्याकाळी, आई कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाकरी भाजत असताना, तो कडवट धूर डोळ्यांत झोंबत असताना, मी एकेक ओळ वाचायची आणि बाबांनी ती माझ्यामागून म्हणायची. उतारा होता घरातल्यांनी कसं वागावं याचा – आधी बायकांनी, मग नवऱ्यांनी, मग मुलांनी, मग बापांनी. त्यातली मुलांची ओळ, आईबापांचं ऐकावं म्हणून सांगणारी, मी सरळ गाळली. हातपंपावर जायला जरा रेंगाळले की आई तीच ओळ माझ्या तोंडावर फेकायची, आणि मला तिचा मनापासून राग आला होता. एक ओळ गेली तर कोणाला कळतंय... मी तेव्हाही स्वतःला भारीच शहाणी समजत असे.

सणाच्या दिवशी वेदीला ज्वारीचे कणसांसकट धांडे बांधले होते. खाली वांगी, तुरीच्या शेंगा, फुटलेल्या बोंडांतला कापूस, आणि सगळ्यांवर ताज्या कोथिंबिरीचा वास. बाबा उभे राहिले. आवाज खणखणीत होता. बायकांची ओळ झाली, नवऱ्यांची झाली, आणि बाबा थेट बापांच्या ओळीला लागले. सतरंजीवर बसलेल्यांच्या मांड्यांवर आपापली शास्त्रं उघडी होती. माना वर झाल्या, माझ्या शेजारच्या मुली खुदखुदल्या.

"भाऊ, मुलांची ओळ राहिली," पाळकसाहेब मायेनं म्हणाले. "तेवढी वाचा."

बाबांचं बोट पानावर वर गेलं, खाली आलं, थांबलं... त्यांच्या कपाळावर घाम आला. आणखी क्षणभरात सगळ्यांना कळणार होतं, आणि ते माझ्यामुळे कळणार होतं. 'मी गाळली' म्हणावं, तर त्यांचं गुपित माझ्याच तोंडून फुटणार. मी उठले, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ती ओळ मोठ्यानं म्हटली. आईच्या कृपेनं ती मला तोंडपाठ होतीच.

"मायबाई! पोरायची ओळ पोरीनंच म्हटली!" मागून एक म्हातारी म्हणाली. सगळ्यांना वाटलं, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बापांची ओळ पुन्हा म्हटली – लेकरांना इतकं छळू नये की त्यांचं मन खचेल, अशा अर्थाची. एवढ्याच ओळीला त्यांचा आवाज कापला.

घरी आल्यावर मी कबूल केलं आणि गाल पुढे करून उभी राहिले. बाबांनी शास्त्र फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "मले वाचता येत असतं, त तवाच पकडली असती तुले. येत नाही, म्हनून तू जे सांगतलं ते देवाचं समजून म्हनत गेलो."

त्यापेक्षा मार परवडला असता. मी आईच्या पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडले.

आईबापांचं ऐकणं सोपं आहे, हे मी आज छातीठोकपणे सांगते. तोंड वाकडं करून का होईना, हातपंपावर गेलं की झालं. त्यांचा मान राखायचा तर मात्र ते काय जपताहेत हे आधी कळावं लागतं, आणि ते दर वेळी नव्यानं समजून घ्यावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तपासणीचा इंग्रजी कागद माझ्या हातात होता; शेवटच्या ओळीत आजार हाताबाहेर गेल्याचं लिहिलं होतं. खाटेमागून धाकटा भाऊ मानेनं खुणावत होता – शेवटची ओळ सांगू नकोस. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"पुरं वाच, पोरी."

मी पूर्ण वाचलं, मराठीत, एकेक शब्द. शेवटचा शब्द म्हणताना आवाज फाटला, तरी म्हटला. बाबांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "बरं. आता घरी जाऊ."

पावसाळा सरता सरता ते गेले. मधल्या दिवसांत कोणाला भेटायचं, कोणाची माफी मागायची, आईला काय सांगून ठेवायचं, ते सगळं त्यांनी स्वतः ठरवलं.